पुलावरचे पिठाचे डबे

लग्नाकार्यात कुणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं की मी आधी त्याच्या ताटाकडे बघते. जेवण नुकतंच वाढलेलं असेल तर खरं सांगते. मठ्ठ्यापर्यंत आलेलं असेल तर "कंपनीत होते, आता रिटायर झाले" एवढ्यावर मोकळी होते. खरं सांगायला वेळ लागतो. मी स्टेशनं आखायचे. "म्हणजे नकाशे काढायच्या?" नाही, नकाशे काढणारे वेगळे. "म्हणजे इंजिनियर?" डिप्लोमा आहे, पण बांधकाम माझं नव्हे. मग समोरचा माणूस जरा गोंधळतो आणि जिलबीकडे वळतो.

दिवाळी अंक वाचणाऱ्याला सहसा घाई नसते, म्हणून इथे जरा निवांत सांगते.

स्टेशन बांधणारे बांधतात. त्याच्या आधी कुणीतरी ठरवावं लागतं की जिना कुठे उतरेल, किती रुंद असेल, लोक कुठल्या अंगाला वळतील, कुठे उगाच थांबतील आणि कुठे एकमेकांच्या अंगावर येतील. हे ठरवायचं तर माणसं चालतात कशी ते बघावं लागतं. आमची सल्लागार कंपनी होती, रेल्वेवाले आणि मेट्रोवाले आम्हाला काम द्यायचे, आणि मी नोकरीतला निम्मा काळ कुठल्या ना कुठल्या पुलाच्या कठड्याला टेकून उभी राहण्यात घालवला. आमची आई विचारायची, "दिवसभर काय केलंस?" मी म्हणायचे, "माणसं बघितली." ती म्हणायची, "त्याचा पगार देतात?" जालन्याहून येऊन घाटकोपरला दगड फोडलेल्या घरातली ती बाई. तिला हे काम शेवटपर्यंत पटलं नाही, पण वाघमाऱ्यांची मुलगी साहेबीण आहे असं मात्र ती अख्ख्या वस्तीला सांगायची.

कामाची चव कळावी म्हणून एक छोटं प्रकरण सांगते. अंधेरीकडच्या एका स्टेशनात संध्याकाळी एका खांबाभोवती गर्दी तुंबायची. खांब अडचणीचा आहे असं सगळ्यांचं मत पडलं. मी दोन-चार संध्याकाळी तिथे उभी राहिले. खांब बिचारा निर्दोष होता. त्याच्यावर वरपासून खालपर्यंत लाल रंगाची जाहिरात होती आणि "लाल खांबाजवळ भेट" असं सगळे फोनवर एकमेकांना सांगत होते. आम्ही जाहिरात काढून खांब पांढरा केला. तर पुढचे काही दिवस लोक तिथेच घुटमळत "अरे, लाल खांब कुठे गेला?" असं ओरडत राहिले आणि गर्दी होती त्याहून वाढली. शेवटी मी पलीकडच्या मोकळ्या कोपऱ्यातला खांब लाल रंगवायला लावला. आठवडाभरात सगळी भेटणारी मंडळी आपण होऊन तिकडे सरकली. या कामाबद्दल मला कुणी शाबासकी दिली नाही, कारण रंगाच्या डब्याचं सादरीकरण करता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. ती निवृत्तीच्या जरा आधीची, घाटकोपर आणि मुलुंडच्या मधल्या एका स्टेशनातली. स्टेशनचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक मला गाठतील आणि उरलेल्या तक्रारी ऐकवतील.

स्टेशनच्या पश्चिमेला बाजार, आणि बाजाराच्या डोक्यावरून नवी मेट्रो जाणार. पूर्वेला दाट वस्ती. मधोमध रेल्वेचे रूळ, आणि रुळांवरून जाणारा एक पादचारी पूल. त्या पुलावरून फलाटांवर जिने उतरतात आणि त्याचंच पश्चिमेचं टोक मेट्रोच्या स्टेशनला जोडायचं होतं. लोकलचं तिकीट वेगळं आणि मेट्रोचं वेगळं हा त्रास संपवून दोन्हींसाठी एकच कार्ड आणि सबंध प्रवासाचं एकच भाडं, अशी योजना होती. तिचा पहिला प्रयोग म्हणून हे स्टेशन निवडलं होतं.

यातली मेख अशी की एकच भाडं घ्यायचं तर माणूस कुठून आत आला आणि कुठून बाहेर गेला ते यंत्राला कळलं पाहिजे. त्यासाठी झडपांची ती गेटं असतात, कार्ड टेकवलं की उघडणारी. गेटाच्या आतला भाग तिकीटवाल्यांचा, बाहेरचा जगाचा. आमचे मुख्य, राजाध्यक्ष साहेब, यांचा आराखडा अगदी सोपा होता. पुलाच्या पूर्व टोकाला गेटांची एक रांग, पश्चिम टोकाला दुसरी. मधला सगळा पूल आत. लोकलमधून उतरलेला माणूस पुलावर येईल आणि कुठेही न अडता मेट्रोत जाऊन बसेल. साहेब सादरीकरणात याला "सीमलेस" म्हणायचे आणि म्हणताना हवेतून हात असा फिरवायचे की बघणाऱ्याला इस्त्री केल्याचा भास व्हावा.

साहेब माणूस चांगला. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ते जरा पांढरे होणार आहेत.

आराखड्याला आधार म्हणून मोजणी झाली. पुलाच्या दोन्ही तोंडांना मुलं बसवली, हातात मोजायची चिमुकली यंत्रं दिली. या टोकाने चढला आणि त्या टोकाला उतरला, की तो बदली करणारा प्रवासी. म्हणजे उद्या मेट्रो आल्यावर लोकलमधून मेट्रोत जाणारा. आकडा एवढा जोरदार आला की साहेबांनी पेढे मागवले. मला फक्त एक गोष्ट खुपत होती. ऑफिसची वेळ उलटून गेल्यावर, साधारण अकराच्या सुमारास, आकडा पुन्हा वर चढत होता. अकराला कामावर जाणारा एवढा मोठा वर्ग या उपनगरात कुठून आला?

मी जाऊन पुलावर उभी राहिले. फार वेळ थांबावं लागलंच नाही. पूर्वेकडून एक बाई आली, तिच्या कमरेवर स्टीलचा डबा. तिच्या मागे दोघी, त्यांच्या हातात डबे. मग एक आजोबा, डोक्यावर डबा आणि डब्याखाली चुंबळ. जाताना डब्यांची झाकणं घट्ट लावलेली, येताना डब्यावर फडकं टाकलेलं आणि झाकण हातात. गरम पिठाला वाफ धरू नये म्हणून आपण सगळेच तसं करतो. पश्चिमेच्या टोकाला जिना उतरला की डाव्या हाताला पिठाची गिरणी होती. पूर्वेच्या वस्तीत गिरणी नव्हती. आम्ही मेट्रोचे प्रवासी म्हणून ज्यांना पेढ्यांसकट मोजलं, त्यातले कितीतरी जण गहू दळायला चालले होते. कुणी मुलाला शाळेत सोडायला, कुणी बाजाराला, कुणी नुसतंच बहिणीकडे. पूल त्यांचा रस्ता होता. गाडीशी त्यांचा काही संबंध नव्हता.

मला हसू आलं, पण मग आराखडा आठवला. या लोकांच्या रस्त्याला आम्ही दोन्ही बाजूंनी गेटं लावणार होतो.

रोज तिथे उभी राहते म्हटल्यावर गिरणीवाल्या बाईंचं माझ्याकडे लक्ष गेलंच. परब काकू. साठीच्या, ठेंगण्या, पापण्यांपर्यंत पीठ बसलेलं. एक दिवस गिरणीच्या ओट्यावरून त्यांनी हाक मारली.

"काय गो बाय, रोज हय येऊन उभी रवतंस. कोणाक बघतंस? जावई शोधतंस की काय?"

मी काय करते ते सांगितलं. लग्नातल्या लोकांपेक्षा त्यांना ते लवकर कळलं.

"म्हणजे पूल बंद करणार?"

"बंद नाही काकू. तिकीट असलं की जाता येईल."

"माका खय गाडीत बसूचा आसा? माका घराकडे जावचा आसा!"

त्यांचं घर पूर्वेला होतं. घरात त्यांचे यजमान, ज्यांना सगळे परब काका म्हणायचे. काही वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली. गिरणी मूळची काकांची. ते पडल्यावर काकूंनी पट्टा हातात घेतला. मुलगी लग्न होऊन कणकवलीला. त्यामुळे काकूंचा दिवस असा: दोन घाणे दळायचे, शेजारच्या इस्त्रीवाल्याला "जरा बघ रे" म्हणायचं, पूल ओलांडून घरी पळायचं, काकांची कूस बदलायची, पाणी पाजायचं, दोन शिव्या खायच्या, दोन द्यायच्या आणि परत गिरणीत. असं दिवसातून किती वेळा, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"डॉक्टर म्हणतो त्यांना खुर्चीत बसवा, बाहेर फिरवा. फिरवतलंय खय? ह्या जिन्याच्या पायरीपर्यंत?" काकू म्हणाल्या. "आणि तुम्ही पूल पण घेतलात तर माका दोनातला एक सोडूक लागात. गिरणी नायतर घोव. कोणता सोडू, तूच सांग."

हे त्यांनी रडून नाही, गव्हाचा डबा तोलत तोलत सांगितलं. दुसरा रस्ता होता, पण तो पार खालच्या उड्डाणपुलाला वळसा घालून. त्या वळशात एक घाणा दळून झाला असता.

ऑफिसात मी विषय काढला. साहेब म्हणाले, "वाघमारे, मला वाईट वाटतंय, खरंच. पण ते आपले प्रवासी नाहीत ना!"

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "साहेब, मोजताना होते. पेढे खाताना पण होते."

साहेब माझ्यावर चिडले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पण आराखडा मंजुरीला निघालेला होता, आणि निघालेला आराखडा परत फिरवणं काय असतं हे या धंद्यातल्या माणसालाच कळतं. शिवाय पुलाच्या मधल्या रुंद भागात दुकानांचे गाळे दाखवले होते. त्यांच्या भाड्यावर बऱ्याच जणांचा डोळा होता.

मार्ग काढायचं काम सलीलवर आलं. सलील आमच्याकडे भाड्याचे नियम यंत्रात बसवायचा. हुशार पोरगा, बोरिवलीचा, सतत काहीतरी चघळत असायचा. त्याने दोन दिवसांत तोडगा आणला.

"मॅडम, एकदम सोपं आहे. वस्तीतल्या लोकांना पण कार्ड द्यायचं. पूर्वेला टॅप करून आत आले आणि पाव तासात पश्चिमेला टॅप करून बाहेर पडले, तर भाडं शून्य. सिस्टिम समजेल की हा नुसता क्रॉस करून गेला. झकास ना?"

"आणि पुलावर कुणी भेटलं, बोलत उभं राहिलं, तर?"

"तर भाडं लागेल. मॅडम, एवढं कोण बोलतं?"

"तू बोरिवलीला कुठल्या बिल्डिंगमध्ये राहतोस रे?" मी विचारलं. "तुमच्याकडे जिन्यात बायका भेटत नाहीत?"

पण साहेबांना तोडगा आवडला आणि तो करून बघायचं ठरलं. दोन खरी गेटं चाकांच्या पाटावर बसवून पुलाच्या पूर्व टोकाला आणायची, पश्चिमेला झडपांशिवाय नुसतं कार्ड टेकवायचं यंत्र ठेवायचं, सकाळभर लोकांना नमुन्याची कार्डं द्यायची आणि बघायचं. दिवस ठरवायचं काम माझ्याकडे होतं. मी तो दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातला निवडला. साहेबांनी विचारलं, "याच आठवड्यात का?" मी म्हटलं, "लोक घरी असतात." ते खोटं नव्हतं. लोक घरी असतात आणि घरी भाजणी भाजतात, एवढंच मी पुढे सांगितलं नाही.

त्या सकाळी साहेब पांढरा शुभ्र सदरा घालून आले. सलील लॅपटॉप उघडून कठड्याशी बसला. आणि साडेनऊपासून वस्ती निघाली. चकलीची भाजणी, अनारशाचे तांदूळ, बेसनासाठी भाजलेली डाळ, करंजीसाठी रवा काढायचे गहू. डबे, पिशव्या, पातेली, एका बाईने तर कुकरच आणला होता.

पहिल्या बाईने कार्ड टेकवलं. झडपा उघडल्या. ती डबा पुढे धरून आत शिरली आणि यंत्र कोकलायला लागलं. सलील धावला. झालं होतं असं की गेटात माणसं ओळखणारे डोळे असतात. एका कार्डावर दोघं घुसले तर ते ओरडतात. बाईच्या पुढे हातभर अंतरावर चाललेला तो भरलेला डबा यंत्राच्या हिशेबी विनातिकीट प्रवासी होता.

"डबा पोटाशी धरा ताई!" सलील ओरडला.

"पोटाशी धरू? भाजणी गरम आहे. तू धर की तुझ्या पोटाशी!"

मागे रांग वाढली. आजोबांच्या डोक्यावरचा डबा यंत्राला दिसलाच नाही, ते ऐटीत निघून गेले. ते बघून बायकांनीही डबे डोक्यावर घेतले, पण मग कार्ड टेकवायला हात उरेना. "माझं कार्ड जरा टेकव ना गं" असं म्हणत प्रत्येकजण दुसरीचं कार्ड टेकवायला लागली, आणि सलीलच्या लॅपटॉपवर एकच बाई पाच वेळा आत गेली आणि एकदाही बाहेर पडली नाही असं दिसायला लागलं. त्याने कपाळावर हात मारला. "मॅडम, वाट लागली. ही बाई सिस्टिममध्ये अडकली."

"बाई केव्हाच गिरणीत पोचली," मी म्हटलं. "तुझी सिस्टिम अडकली."

तेवढ्यात साहेब स्वतः मदतीला सरसावले. "या, या, घाबरू नका," म्हणत त्यांनी एका म्हातारीच्या हातातला डबा घेतला आणि गेटातून पलीकडे जायला निघाले. कार्ड टेकवायचं विसरले. झडपा आपटल्या, डबा साहेबांच्या छातीवर उलटला, आणि आठवडाभर खपून भाजलेली, वर घरच्या जात्यावर भरडून आणलेली त्या म्हातारीची भाजणी साहेबांच्या सदऱ्यावर, मिशीवर आणि बुटांवर पसरली. धण्या-जिऱ्याचा असा वास सुटला की रांगेतल्या दोन पोरांनी चकल्या मागितल्या.

कुणी हसलं नाही. भाजणी सांडली की हसत नाहीत. म्हातारी खाली बसली आणि मुठीने गोळा करायला लागली. साहेब तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसले. त्यांचा चेहरा मी तेवढा पडलेला कधी पाहिला नव्हता. "आजी, राहू द्या, मी आणून देतो," ते म्हणत होते. "दुकानातली?" म्हातारीने विचारलं, आणि साहेबही तिच्याबरोबर मुठीने गोळा करायला लागले.

याच वेळी परब काकू गिरणीतून पूल चढून घराकडे निघाल्या होत्या. आतल्या बाजूने गेटापाशी आल्या. गेट त्यांना बाहेर सोडेना, कारण त्यांच्याकडे कार्ड नव्हतं, त्या सकाळी उजाडताच कामावर गेल्या होत्या. झडपांच्या वरून त्यांनी वस्तीकडे बघितलं. "अरे, सोडा रे! माणूस तहानलेलो आसात थय!" असं त्या म्हणाल्या तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा फाटला. साहेब उठले आणि दोन्ही हातांनी चाकांचा तो पाट ढकलून त्यांनी गेट बाजूला केलं. काकू पळत गेल्या. साहेब पिठाने भरलेले तसेच उभे राहिले आणि त्या वस्तीच्या गल्लीत दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिले.

"वाघमारे," मग ते म्हणाले, "तुमच्या डोक्यात काय आहे ते सांगा आता. मला माहीत आहे, काहीतरी आहे."

होतंच. पण ते डोक्यात आलं होतं सलीलच्या तोडग्यामुळेच, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आत्ताही सांगते. मी सलीलला म्हटलं, "तुझा नियम चांगला आहे, फक्त चुकीच्या माणसांना लावलास. पाव तासाची सवलत चालणाऱ्याला कशाला? प्रवाशाला दे. कार्ड त्याच्याच खिशात असतं. गेटं पुलाच्या टोकांवरून काढ आणि प्रत्येक फलाटाच्या जिन्याच्या वरच्या तोंडाशी लाव, एक रांग मेट्रोच्या दाराशी लाव. पूल मोकळा. लोकलमधून आलेला माणूस जिन्याच्या तोंडाशी टॅप करून बाहेर येईल, पूल चालेल, मेट्रोच्या दाराशी पुन्हा टॅप करेल. तेवढ्या वेळात आत गेला तर तुझ्या सिस्टिमने समजायचं की प्रवास तोच चालू आहे. भाडं एकच."

सलील चघळायचं थांबला. "म्हणजे भिंतीचं काम कार्डाने करायचं."

"करता येईल?"

"येईल ना. दुपारपर्यंत बसवतो."

साहेब मिशी झटकत ऐकत होते. अडचणी त्यांनीच सांगितल्या, आणि त्या खऱ्या होत्या. प्रवाशाला दोनदा टॅप करावं लागेल, मग सीमलेस कुठे राहिलं? जिन्यांच्या तोंडाशी रांगेला जागा हवी, म्हणजे दुकानांचे गाळे गेले. आणि पुलाच्या दोन्ही टोकांना ज्या लिफ्ट येणार होत्या त्या आता गेटांच्या बाहेर पडल्या. तिकीट नसलेलं कुणीही त्यांत चढणार, मग वीज आणि देखभाल कुणाच्या डोक्यावर?

"आपल्या," मी म्हटलं.

साहेब त्या सदऱ्यातच बैठकीला गेले. तिथे त्यांनी काय सांगितलं ते मला कळलं नाही. गाळ्यांवरून बराच वाद झाला असं नंतर कानावर आलं. पण आराखडा परत फिरला, हे मी माझ्या नोकरीत पहिल्यांदाच बघितलं. त्या आठवड्यात साहेबांनी स्वतःच्या घरून, त्यांच्या बायकोने आणि सासूने मिळून भाजलेली भाजणी त्या म्हातारीला नेऊन दिली. म्हातारीने चिमूटभर तोंडात टाकली आणि धणे कमी आहेत असं सांगितलं. साहेब हे अजूनही सगळ्यांना सांगतात.

थोडी रुखरुख आहे. दोनदा टॅप करावं लागतं म्हणून प्रवासी कुरकुरतात. माझी स्वतःची भाची तिथे रोज बदलते आणि घरी आली की मला ऐकवते, "मावशी, कुणी गं हे डोकं चालवलं?" मी चहा टाकायला आत जाते. पावसाळ्यात जिन्यांच्या तोंडाशी ओली गर्दी होते, तिथे अजून हातभर जागा मिळाली असती तर बरं झालं असतं. ती मी भांडून घ्यायला हवी होती.

स्टेशन सुरू झालं तेव्हा मी निवृत्त झाले होते. उद्घाटनाला बोलावलं होतं, पण मला भाषणं सोसत नाहीत. पुढे दिवाळी आली तेव्हा घरी भाजणी केली, डबा भरला आणि मुलुंडहून लोकलने निघाले. मुलुंडला घराखाली गिरणी आहे. सून म्हणाली, "आई, एवढ्या लांब दळायला?" मी म्हटलं, "तिथलं पीठ चांगलं असतं." सुनेला खरं काय ते कळलं असावं, ती हसली.

फलाटावरून जिना चढले, रुंद गेटातून डबा मुद्दाम हातभर पुढे धरून बाहेर आले. यंत्र ओरडलं नाही, ते सलीलने नंतर सुधारलं होतं. पुलावर ऊन होतं आणि पूर्वेकडून डबे चालले होते. मी त्यांच्या मागोमाग पश्चिमेला उतरले, तर गिरणीसमोर घोळका आणि आतून भांडणाचा आवाज.

घोळक्यातून वाट काढत पुढे गेले. ओट्यावर चाकांच्या खुर्चीत एक उंच, हडकुळा म्हातारा बसला होता. डावा हात मांडीवर निपचित, उजव्या हाताच्या चिमटीत पीठ. परब काका. या माणसाबद्दल मी एवढं ऐकलं होतं, पण त्याला पहिल्यांदाच बघत होते. काकूंनी त्यांना लिफ्टने पुलावर चढवून, खुर्ची ढकलत इकडे उतरवलं होतं. झटका आला त्या दिवसापासून त्यांनी आपली गिरणी बघितली नव्हती.

ते अंगठ्याने पीठ चोळत होते. "जाड पडता," ते म्हणाले. जीभ जड होती, पण शब्द कळत होता. "दगड गुळगुळीत झालो. टाकी लावक होयी." म्हणजे छिन्नीने दगडाला पुन्हा खाचा पाडायला हव्यात.

"एवढी वर्सां मी चालवतंय, तेवा कोण इल्लो टाकी लावक?" काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "आज सगळ्या वस्तीची भाजणी रांगेत आसा! दिवाळी झाली की लावया!"

"दिवाळीक लोकांका असला पीठ देतलंस? पट्टो काढ."

"मी नाय काढूचंय!"

"काढ म्हणतंय ना!"

काकूंनी रांगेकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांनी मला ओळखलं. चेहरा रागाने लाल झालेला आणि डोळे भरलेले, दोन्ही एकदमच. "बघितलंस गो बाय?" त्या म्हणाल्या. "तूच आणलंस ना ह्यांका हय? आता भोग!"

त्यांनी बटण दाबलं. गिरणीचा आवाज हळूहळू खाली आला आणि थांबला. वरचा दगड उचलायला इस्त्रीवाला आणि रांगेतले दोघंजण आत गेले. काकांनी उजव्या हाताने छिन्नी मागवून घेतली, तिची धार अंगठ्यावर बघितली, आणि आम्हा सगळ्यांकडे अशा जरबेने पाहिलं की घोळका दोन पावलं मागे सरला.

"उद्या येवा," ते म्हणाले. "आज दळण बंद."

बायका कुरकुरत जिन्याकडे वळल्या. मीही माझा भरलेला डबा कमरेवर घेतला आणि त्यांच्याबरोबर पूल चढायला लागले.